नमुने किती दाखवावे?

लग्नसराईंत बस्ता बांधावयास निघालेलें कुटुंब कापडाच्या दुकानांत शिरतें, तो देखावा पाहण्यासारखा असतो. वधूची आई, आत्या, मावशी, थोरली वहिनी आणि पाकीट सांभाळीत सर्वांच्या मागून येणारे वडील, असा तो लवाजमा गादीवर बसतो आणि गुमास्ता फळीवरून साड्या खालीं उतरवूं लागतो. दुकानदार नवशिका असेल तर त्याला वाटतें कीं, माल जितका अधिक उलगडावा तितकी विक्री अधिक. अर्ध्या घटकेंत गादीवर पन्नास साड्यांचा ढीग पडतो. आत्याबाईंना हिरवी आवडते, मावशींना तिचा काठ नको असतो, वहिनींना पहिलीचा पदर आणि दुसरीचा रंग एकाच साडींत हवा असतो. आणि शेवटीं "दोन दिवसांनीं येऊं" असें सांगून मंडळी उठतात. मुरलेला दुकानदार मात्र फळीला हात लावण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारतो. साडी कोणासाठीं, कोणत्या प्रसंगासाठीं आणि कितीपर्यंत? उत्तरें मिळाल्यावर तो चारच साड्या काढतो, प्रत्येकीविषयीं दोन शब्द बोलतो, आणि तासाभरांत बस्ता बांधून होतो.

श्रोतेहो, दोन्ही दुकानांतील माल एकाच पेठेंतून आलेला असतो. फरक असतो तो दाखविण्याच्या पद्धतींत. आणि ही पद्धत केवळ साडीच्या दुकानापुरती नाहीं. घराचा नकाशा काढणारा वास्तुशिल्पी, पुस्तकाचें वेष्टन रंगविणारा चित्रकार, दुकानाची पाटी लिहिणारा रंगारी, या सर्वांना कधीं ना कधीं हाच प्रश्न पडतो कीं, गिऱ्हाइकापुढें नमुने किती ठेवावे, आणि ते कसे ठेवावे? आजच्या काळीं हा प्रश्न सर्वांत अधिक पडतो तो संकेतस्थळें तयार करणाऱ्या रचनाकारांना.

नवी मुंबईंत अशा रचनाकारांची वाण नाहीं. ठाणें-बेलापूर रस्त्याच्या ज्या पट्ट्यांत पूर्वीं प्रामुख्यानें रसायनांचे व यंत्रांचे कारखाने उभे राहिले, त्याच पट्ट्यांत महापे, ऐरोली, घणसोली या बाजूला आतां संगणकावर काम करणाऱ्या कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती दिसतात. शिवाय वाशी-नेरूळच्या सदनिकांमधून दोघे-चौघे तरुण मिळून हाच धंदा करतात. व्यापाऱ्याला, दवाखान्याला, शाळेला, गृहनिर्माण संस्थेला मोबाइलच्या पडद्यावर आपली अशी एक जागा हवी असते. ती कशी दिसावी आणि कशी चालावी हें ठरविणें हें या मंडळींचें काम.

उदाहरणार्थ, तुर्भें येथील बाजार समितीच्या आवाराचा विचार करावा. तेथें कांदा-बटाटा, भाजीपाला, फळें, मसाला आणि धान्य असे पांच बाजार भरतात. त्यांतील कांद्याच्या एखाद्या आडत्यानें आपलें संकेतस्थळ करावयास दिलें, अशी कल्पना करूं. रचनाकार तीन नमुने घेऊन गाळ्यावर जातो. पहिल्यांत सकाळीं निघालेला भाव ठळक अक्षरांत अगदीं वर आहे. दुसऱ्यांत शेताचें भव्य छायाचित्र आहे. तिसरा नमुना, खरें सांगावयाचें तर, केवळ संख्या भरून काढण्यासाठीं आदल्या रात्रीं उरकलेला आहे. या धंद्यांतील अनुभवी लोक सांगतात कीं, नेमका असला भरतीचाच नमुना पुष्कळदां पसंत पडतो! आणि तसें न झालें तर वहिनींच्या साडीप्रमाणें पहिल्याचें डोकें, दुसऱ्याचा रंग आणि तिसऱ्याचीं अक्षरें एकत्र करण्याची फर्माईश होते. तीन चांगल्या पक्वान्नांची मिळून एक बेचव खिचडी होते, ती अशी.

यांत दोष आडत्याचा आहे काय? मुळींच नाहीं. त्याला कांदा हातांत घेतल्याबरोबर त्याची प्रत कळते. पडद्यावरील चित्राची प्रत कळावी, ही त्याच्याकडून अपेक्षाच चुकीची. त्याच्यापुढें तीन चित्रें ठेवून "कोणतें आवडतें?" असा प्रश्न केला, तर तो आपल्या आवडीनेंच उत्तर देणार. "आपल्याकडे माल पाठविणाऱ्या जुन्नरच्या शेतकऱ्याला पहाटे उठल्यावर सर्वांत आधीं काय दिसलें पाहिजे?" असा प्रश्न केला असता, तर त्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां सांगितलें असतें कीं, भाव. पहिला प्रश्न रुचीचा आहे, दुसरा जाणकारीचा. आणि दुसऱ्याचें उत्तर आडत्याइतकें उत्तम कोणीच देऊं शकत नाहीं.

दाखविण्याच्या रीतींत आणखी एक गफलत होते. नमुन्यांत खरा मजकूर न घालतां, जागा भरण्यापुरता कसला तरी खोटा मजकूर घालण्याची चाल आहे. हा मजकूर बहुधा लॅटिन असतो. रोमन वक्ता सिसेरो याच्या एका ग्रंथांतील वाक्यांची मोडतोड करून तो बनविलेला आहे. चित्र त्यानें सुबक दिसतें. परंतु आपल्या देवनागरी अक्षराला वर मात्रा-वेलांटी असते, खालीं उकार असतो, आणि जोडाक्षरें कधीं कधीं एकाखालीं एक उतरतात. रोमन लिपीच्या मापानें ओळींतील अंतर ठेवलें तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. बटनावर चार अक्षरी इंग्रजी शब्द मावतो, तेथें "नोंदणी करावी" हे शब्द मावत नाहींत. म्हणजे गिऱ्हाइकानें पसंती दिली ती एका वस्तूला, आणि त्याच्या पदरीं पडली ती दुसरीच. तीच गोष्ट मापाची. कचेरींतील मोठ्या पडद्यावर दाखविलेला नमुना शेतकरी आपल्या हातांतील लहान मोबाइलवर, उन्हांत उभा राहून पाहणार असतो. तेव्हां नमुना एक असो वा तीन, तो खऱ्या मजकुरानिशीं आणि खऱ्या मापांत दाखविला पाहिजे, हें पहिलें पथ्य.

आतां संख्येकडे वळूं. या बाबतींत जगांत दोन टोकाचीं उदाहरणें प्रसिद्ध आहेत. अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीचें बोधचिन्ह रेखाटणारे पॉल रँड यांच्याकडे १९८६ मध्यें स्टीव्ह जॉब्ज हे आपल्या 'नेक्स्ट' या नव्या कंपनीचें बोधचिन्ह करवून घेण्यासाठीं गेले. आपण कांहीं पर्याय दाखवाल काय, असें जॉब्ज यांनीं विचारलें. त्यावर रँड यांनीं साफ नकार दिला. आपण प्रश्न सोडवून देऊं आणि मोबदला घेऊं. उत्तर वापरावें कीं न वापरावें हें गिऱ्हाइकानें ठरवावें, पर्याय हवे असल्यास त्यानें दुसऱ्यांकडे जावें, अशा आशयाचें त्यांचें उत्तर होतें. मोबदला होता एक लाख डॉलर. रँड यांनीं एकच चिन्ह दिलें. परंतु त्यासोबत एक पुस्तिका दिली, आणि त्या चिन्हापर्यंत आपण कोणत्या विचारानें पोहोंचलों, हें पायरीपायरीनें तींत मांडलें.

दुसरें टोक गूगल कंपनीचें. दोन निळ्या रंगांपैकीं कोणता घ्यावा याचा निकाल लागेना, तेव्हां त्या दोहोंच्या मधल्या ४१ छटा वाचकांवर पारखून पाहण्यांत आल्या. तेथील प्रमुख रचनाकार डग्लस बोमन यांनीं २००९ मध्यें ती नोकरी सोडली, आणि सोडतांना याच प्रकाराचा उल्लेख केला. प्रत्येक लहान गोष्टीचा निकाल मोजमापानेंच लागावयाचा असेल, तर रचनाकाराच्या विवेकाला जागा कोठें राहिली, हा त्यांच्या तक्रारीचा मथितार्थ होता.

एक किंवा एकेचाळीस! मधला मार्ग शोधावयाचा तर अमेरिकेपर्यंत जाण्याची आवश्यकता नाहीं. हे रचनाकार ज्या नगरांत बसून काम करतात तें नगरच मुळीं एका मांडलेल्या पर्यायांतून जन्मास आलेलें आहे.

१९६४ मध्यें मुंबई महानगरपालिकेनें शहराच्या विकासाचा आराखडा लोकांपुढें ठेवला. त्यावर अनेकांनीं अनेक सूचना केल्या असतील. परंतु चार्लस कोरिया आणि प्रवीणा मेहता हे दोन वास्तुशिल्पी आणि शिरीष पटेल हे स्थापत्य अभियंते, या तिघांनीं सूचना न करतां एक पर्यायच पुढें ठेवला. मुल्कराज आनंद यांच्या संपादकत्वाखालीं निघणाऱ्या 'मार्ग' या नियतकालिकाच्या जून १९६५ च्या अंकांत तो प्रसिद्ध झाला. त्यांचा युक्तिवाद कोणाहि सुबुद्ध नागरिकास कळण्यासारखा होता. मुंबई बेट दक्षिणोत्तर लांबट. कचेऱ्या दक्षिण टोंकाला, वस्ती उत्तरेला सरकत चाललेली. म्हणून सकाळीं गाड्या दक्षिणेकडे भरून जातात आणि संध्याकाळीं उत्तरेकडे भरून परततात. शहर उत्तरेकडे आणखी लांबविलें तर ही ओढाताण वाढणार. मग खाडीच्या पलीकडे, पूर्व किनाऱ्यावर, मुख्य भूमीवर नवें नगर वसवून शहराचा लांबट आकारच कां बदलूं नये?

या मांडणीचें वैशिष्ट्य असें कीं, तिघांनीं शासनापुढें पांच सुंदर नगरांचीं चित्रें ठेवून "यांतलें कोणतें आवडतें?" असें विचारलें नाहीं. त्यांनीं आधीं दुखणें समजावून दिलें, मग एकच उपाय सांगितला, आणि त्या उपायानें दुखणें कसें हटेल तें दाखविलें. जमीनहि त्यास अनुकूल होती. ठाण्याच्या खाडीवर पूल व्हावा, अशी शिफारस बर्वे समितीनें १९५९ मध्येंच केली होती. पुढें धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९६६ मध्यें खाडीपलीकडील विकासाचा पुरस्कार केला. १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली. कोरिया हे आरंभींच्या काळांत तिचे प्रमुख वास्तुशिल्पी होते, आणि पटेल यांजकडे नियोजन व बांधकामाचा भार होता. पर्याय मांडणाऱ्यांवरच तो उभा करण्याची जबाबदारी येऊन पडली, असा योग क्वचितच येतो.

येथवरची कथा यशाची आहे. परंतु तिच्यांत दोन उणिवा राहिल्या, आणि आजच्या रचनाकारानें शिकावयाचें तें यशापेक्षां या उणिवांपासूनच अधिक.

पहिली उणीव अशी. नव्या नगराला बळ यावें म्हणून राज्य शासनाचें मुख्य कार्यालय खाडीपलीकडे जावें, ही त्या योजनेची कळ होती. शासन गेलें कीं त्याच्यामागून बँका, कंपन्या, वकील, व्यापारी आपोआप जातील, असा हिशेब होता. शासनानें योजना स्वीकारली, जमीन घेतली, संस्था काढली. स्वतः मात्र तें दक्षिण मुंबईंतून हाललें नाहीं. बेलापूरला कोंकण भवन झालें, सिडकोचें मुख्यालय झालें. मंत्रालय जागच्या जागीं राहिलें. इतकेंच नव्हे, तर त्याच काळांत नरिमन पॉइंटला समुद्रांत घातलेल्या भरावावर उंच कचेऱ्या उभ्या राहत होत्या. खाडीवरचा पूल १९७३ मध्यें खुला झाला. पण मानखुर्दहून वाशीला लोकलगाडी जावयास १९९२ साल उजाडावें लागलें. मधलीं एकोणीस वर्षें नव्या नगरांतील नोकरदारानें बसच्या रांगेंत काढलीं. म्हणजे वहिनींची साडी येथेंहि आलीच! पदर घेतला, काठ सोडला.

गिऱ्हाईक एखाद्या रचनेंतून कांहीं भाग घेणार आणि कांहीं गाळणार, हें गृहीतच धरावें लागतें. म्हणून नमुना पुढें ठेवतांना रचनाकारानें निःसंदिग्धपणें सांगावें कीं, यांतील अमुक गोष्टी शोभेच्या आहेत, त्या बदलल्या तरी चालेल. पण अमुक एक खांब आहे, तो काढला तर छप्पर राहणार नाहीं. आडत्याच्या संकेतस्थळाचा रंग निळा असो वा हिरवा, फारसें बिघडत नाहीं. परंतु रोज सकाळीं भाव कोण भरणार हें ठरलें नसेल, तर तें संकेतस्थळ उद्यांपासूनच शिळें होतें. हें रंगाच्या चर्चेआधीं सांगावयास हवें, आणि सांगितलेलें लिहूनहि ठेवावयास हवें.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. हा सारा पर्याय कोणापुढें मांडला गेला? शासनापुढें, तज्ज्ञांपुढें, इंग्रजी वाचणाऱ्या सुशिक्षितांपुढें. परंतु ज्या सुमारें ३४४ चौरस किलोमीटर भूमीवर नगर वसावयाचें होतें, ती भूमि ओसाड नव्हती. तींत ठाणें, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गांवें होतीं; आगरी आणि कोळी समाजाचीं घरें होतीं, भातखाचरें होतीं, मिठागरें होतीं, खाडींत जाळें टाकणारे हात होते. त्यांच्यापुढें नमुना आला तो पसंतीसाठीं नव्हे, तर भूसंपादनाच्या नोटिशीच्या रूपानें! मिळणारा मोबदला तुटपुंजा वाटला, पुढच्या पिढीच्या पोटापाण्याचें काय, याचें उत्तर मिळेना. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत जासईच्या परिसरांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याची योजना शासनाला स्वीकारावी लागली. जें बोलणें पहिल्या दिवशीं ओसरीवर बसून व्हावयाचें, तें रक्त सांडल्यानंतर झालें.

गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न म्हणूनच वरवर वाटतो तितका सोपा नाहीं. पैसे देणारा एक असतो आणि वस्तु वापरणारा दुसरा. पसंतीच्या बैठकींत बहुधा पहिलाच बसलेला असतो. नगराच्या बाबतींत ही चूक प्राणावर बेतली. संकेतस्थळाच्या बाबतींत तसें कांहीं होत नाहीं हें खरें. परंतु रुग्णालयाच्या संकेतस्थळावर वृद्ध बाईला डॉक्टरांची वेळ सांपडत नाहीं, शिष्यवृत्तीचा अर्ज खेड्यांतील मुलाच्या मोबाइलवर उघडतच नाहीं, अंधुक राखाडी अक्षरें साठी उलटलेल्या डोळ्यांना दिसत नाहींत, तेव्हां तें नुकसान निमूटपणें कोणीतरी सोसतच असतें. तें माणूस बैठकींत नव्हतें, म्हणून त्याची नापसंती कोणाच्या कानीं पडत नाहीं, एवढेंच.

याच नगरांत एक तिसरीहि गोष्ट आहे, आणि ती मन प्रसन्न करणारी आहे. बेलापूरच्या डोंगरपायथ्याशीं १९८३ ते १९८६ या काळांत कोरिया यांनीं एक वसाहत बांधली. तिला लोक आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. तेथील पद्धत अशी कीं, सात घरें एका लहान चौकाभोंवतीं, आणि असे तीन गट एकत्र येऊन एकवीस घरें एका मोठ्या चौकाभोंवतीं. प्रत्येक घराला स्वतःची मोकळी जागा. आणि विशेष म्हणजे, एकाची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला जोडलेली नाहीं. कारण काय? तर राहणाऱ्याला पुढें ऐपत आली, मुलाचें लग्न झालें, खोली वाढवावीशी वाटली, तर शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावतां त्याला ती वाढवितां यावी.

आज तेथें गेल्यास दिसतें कीं, पुष्कळ लोकांनीं मूळचीं कौलारू घरें पाडून त्या जागीं मजले चढविले आहेत. पाहणाऱ्यास प्रथम हळहळ वाटते. परंतु थोडें थांबून पाहिलें तर ध्यानांत येतें कीं, चौक अजून चौकच आहेत. त्यांत मुलें खेळतात, बायका बोलत बसतात. खांब कोणता आणि शोभा कोणती, हें येथें आधींच ओळखलेलें होतें. चौक हा खांब होता. घराचें रूप राहणाऱ्याच्या स्वाधीन केलेलें होतें. गिऱ्हाइकाला पर्याय एकदांच दाखवून त्याची सही घ्यावयाची आणि मोकळें व्हावयाचें, ही एक रीत; आणि वस्तूच अशी घडवावयाची कीं, पर्याय त्याच्या हातीं वर्षानुवर्षें शिल्लक राहावे, ही दुसरी. दुसरीला दूरदृष्टि लागते, आणि थोडी निरहंकारी वृत्तीहि लागते.

सारांश, नमुने किती, याला एकच आंकडा सांगतां येणार नाहीं; परंतु विवेकाची कसोटी सांगतां येते. जेथें विचारान्तीं उत्तर एकच निघतें, तेथें एकच दाखवावें. मात्र कोणत्या वाटा तपासून सोडल्या आणि कां सोडल्या, हेंहि प्रामाणिकपणें सांगावें, म्हणजे गिऱ्हाइकाला आपणांस डावललें असें वाटत नाहीं. जेथें खरोखरच वाट फुटते, उदाहरणार्थ स्वस्त पण साधें, किंवा खर्चिक पण पुढें वाढवितां येईल असें, तेथें दोन दाखवावे, आणि निर्णयाचा अधिकार ज्याचा खर्च त्याच्याकडे राहूं द्यावा. तिसरा केवळ भरतीचा असेल तर तो घरींच ठेवावा. जो आपणांस स्वतःस नको आहे तो नमुना दाखविणें म्हणजे गिऱ्हाइकाची परीक्षा पाहणें होय. आणि पसंतीच्या बैठकीपूर्वीं एकदां तरी, जो ती वस्तु रोज वापरणार त्याच्या हातीं ती देऊन, आपण गप्प बसून पाहावें.

तुर्भ्याच्या त्या आडत्याकडे पहाटे माल घेऊन आलेला शेतकरी गाळ्याच्या पायरीवर चहा पीत बसलेला असतो. रचनाकारानें आपले नमुने घेऊन आडत्याच्या गादीकडे वळण्यापूर्वीं घटकाभर त्या पायरीवर बसावें, आणि मोबाइल त्याच्या हातीं देऊन इतकेंच विचारावें, "दादा, आजचा भाव यांत कुठें आहे तो शोधून दाखवाल का?"